प्रक्षेपांचा ग्रंथ : विकिपीडियाच्या इतिहासाविषयी

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला 'प्रक्षेप' हा शब्द नवा नाही. पोथी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कधी अनवधानाने, कधी भक्तीच्या भरात, तर कधी हेतुपुरस्सर तिच्यात नव्या ओळी शिरतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच भेसळीमुळे, आणि यापुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये, असा कडक इशाराही देऊन ठेवला. संहिता एकाची असते आणि इतरांनी ती जपायची असते, ही आपली धारणा आजही फारशी बदललेली नाही. अशा वेळी प्रत्येक वाचकाला प्रक्षेपाचे निमंत्रण देणारा ग्रंथ उभा राहतो, ही घटना आम्हांला वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही विचारार्ह वाटते.

या ग्रंथाचा आरंभ मात्र परंपरेला धरूनच झाला होता. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' नावाचा मुक्त ज्ञानकोश सुरू केला. लेखक तज्ज्ञ असावेत आणि प्रत्येक लेख परीक्षणाच्या सात पायऱ्या चढूनच प्रसिद्ध व्हावा, असा त्याचा दंडक होता. परिणामी २००३ मध्ये तो बंद पडेपर्यंत जेमतेम पंचवीसच्या आसपास लेख पूर्णत्वाला गेले. दरम्यान वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रोग्रॅमर मंडळींसाठी तयार केलेली 'विकी' ही पद्धत सँगर यांच्या पाहण्यात आली. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. कोणीही पान उघडावे, बदलावे आणि जतन करावे, एवढीच तिची रीत. न्यूपीडियासाठी कच्चा मजकूर मिळावा या हेतूने १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यात सुमारे २० हजार लेख जमले. कच्च्या खर्ड्यांच्या वहीने मूळ ग्रंथालाच मागे टाकले.

अनेकांच्या विनामोबदला श्रमांतून कोशवाङ्मय उभे राहण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये इंग्रजी वाचकांना आवाहन केले आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशासाठी शब्दप्रयोगांच्या लक्षावधी चिठ्ठ्या घरोघरहून आल्या. परंतु तिथे चिठ्ठी पाठवणारा आणि छापील पान यांच्यामध्ये संपादक उभा होता. विकिपीडियाने ही चाळणी काढून टाकली नाही. तिची जागा बदलली. आधी निवड आणि मग प्रकाशन, या क्रमाऐवजी आधी प्रकाशन आणि मग निवड, असा क्रम आला. मजकूर तटस्थ असावा, त्याला आधार द्यावा आणि स्वतःचे नवे संशोधन त्यात घालू नये, हे संकेत या नव्या क्रमाला तोलून धरण्यासाठी घडत गेले.

या व्यवस्थेचे दोष आणि गुण दोन्ही २००५ मध्ये ठळकपणे दिसले. जॉन सायगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराचा संबंध केनेडींच्या हत्येशी जोडणारा खोटा मजकूर त्या वर्षी चार महिन्यांहून अधिक काळ कोणाच्याही लक्षात न येता टिकून राहिला. डिसेंबरात 'नेचर' नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदींची तुलना केली, तेव्हा विकिपीडियात दर नोंदीमागे सरासरी चार, तर ब्रिटानिकात तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. आमच्या मते या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. छापील कोशातील चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते. इथली चूक कोणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत राहते. म्हणजे सगळा भार नजरांवर आहे.

आणि त्या नजरांसाठीच प्रत्येक लेखामागे 'इतिहास' हे पान आहे. कोणता बदल केव्हा झाला, कोणत्या नावाने झाला आणि त्याआधी तिथे काय होते, हे त्यात नोंदलेले असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा १२५९ हस्तलिखिते तपासून त्यांतले पाठभेद तळटीपांत द्यावे लागले. विकिपीडियाचे पाठभेद लेखनाबरोबर आपोआप साठत जातात. तरीही पोथ्यांचे नशीब त्यालाही चुकले नाही. २००१ मधील सुरुवातीच्या महिन्यांतील बदलांची नोंद हरवल्याचे मानले जात होते. ती डिसेंबर २०१० मध्ये एका जुन्या साठ्यात सापडली.

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी झाली. केतकरांनी १९२०च्या दशकात २३ खंडांचा ज्ञानकोश पूर्ण केला त्यामागे कंपनी होती, भागधारक होते, मंडळ होते. इथे असते ते केवळ स्वेच्छेने लिहिणाऱ्यांचे सातत्य. प्रकाशनानंतरची चाळणी बारीक राहायची तर वाचणारे आणि दुरुस्त करणारे पुष्कळ असावे लागतात. इंग्रजीत ते आहेत, मराठीत थोडे आहेत. म्हणून मराठी लेखातली चूक अधिक काळ तग धरते, आणि आपले विद्यार्थी ती निबंधांत उतरवून घेतात. 'विकिपीडिया वापरू नका' असे वर्गात सांगून हा प्रश्न सुटत नाही. पाठचिकित्सा शिकलेल्या विद्यार्थ्याला ते 'इतिहास' पान वाचायला शिकवावे, आणि चूक दिसली तर आधार देऊन ती दुरुस्त करायलाही. शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे जे काम एकनाथांनी एकट्याने अंगावर घेतले, ते इथे थोडेथोडे प्रत्येक वाचकाच्या वाट्याला आले आहे. ते आपण टाळले, तर प्रक्षेप तेवढे उरतील.