पेडणे-डिचोलीचा वारसा आणि विद्यापीठीय अध्ययन

गोव्याच्या इतिहासाचा विचार करताना जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. तिसवाडी, बार्देश व साष्टी हे प्रदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि तेथील देवालये पाडली गेली. डिचोली मात्र १७८१ मध्ये, सत्तरी १७८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर धर्मविषयक धोरणाची धार बोथट झाली होती. त्यामुळे या महालांतील देवस्थाने, गावकारी, उत्सव आणि मोडी दप्तरे पुष्कळ अंशी टिकून राहिली. परंतु जे टिकले त्याचा अर्थ लावणारा अभ्यासकवर्ग आपण तयार करीत आहोत काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचे उदाहरण घेऊ. कदंब राजांचे हे आराध्यदैवत मुळात दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी तेथील देवालय उद्ध्वस्त केल्यावर देव नदी ओलांडून डिचोली महालात आला. नार्व्याच्या मंदिरावरील संस्कृत शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार असा काळ दिला असून, त्या दिवशी शिवछत्रपतींच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याचे नमूद आहे. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन १६६८ येतो. वर्षअखेरच्या महिन्यांतील तिथी असती तर ७९ मिळवावे लागले असते. लेख प्रारंभाचा आहे, पूर्ततेचा नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. एवढ्या लहानशा लेखाचे प्रामाणिक वाचन करण्यास संस्कृत, कालगणना आणि शब्दाचा अर्थ न ताणण्याची शिस्त, इतके सारे लागते. मंदिराचा जीर्णोद्धार होऊन ते २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. दगड-चुन्याचा जीर्णोद्धार गवंडी करतो. अर्थाचा जीर्णोद्धार अभ्यासकालाच करावा लागतो.

आमच्या मते या प्रदेशाच्या वारशाचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. तो एका भाषेत सामावलेला नाही. पेडणे महालातील कोणतेही जुने देवस्थान पाहावे. देवापुढचे गाऱ्हाणे गावच्या बोलीत घातले जाते. जुना जमाखर्च मोडी लिपीतील मराठीत असतो. आणि महाजनांचे हक्क ज्या १९३३ च्या देवस्थान नियमावलीने ठरतात, ती मुळात पोर्तुगीज भाषेत रचलेली आहे. नव्या काबिजादींतील रूढींची संहिताही एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. यांतील एकच भाषा जाणणारा मनुष्य, मग तो कितीही अभिमानी असो, आपल्याच घराच्या एका खोलीत वावरतो. आम्ही मराठीचे उपासक आहोत. म्हणूनच हे आम्ही आवर्जून सांगतो. मराठीचे या भूमीतील स्थान घोषणांनी सिद्ध होणार नाही, ते कागदांच्या वाचनाने सिद्ध होईल. आणि त्यासाठी शेजारच्या दोन्ही भाषांची साक्ष काढावीच लागेल.

ही त्रिविध तयारी कोणत्याही घरात आपोआप होत नाही. पिसुर्ले या सत्तरीतील गावी १८९४ मध्ये जन्मलेले पांडुरंग सखाराम पिसुर्लेंकर यांनी ती स्वतःच्या तपश्चर्येने केली. पणजीच्या सरकारी दप्तरखान्याची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. तेथील पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने त्यांनी उजेडात आणली, आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. पण एखाद्या असाधारण पुरुषाच्या जन्माची वाट पाहत बसणे ही काही ज्ञानरक्षणाची व्यवस्था नव्हे. सामान्य बुद्धीच्या परंतु कष्टाळू विद्यार्थ्यालाही ते काम करता यावे, यासाठीच विद्यापीठ असते. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. पेडणे तालुक्यात विर्नोड्यास आणि डिचोली तालुक्यात साखळीस शासकीय महाविद्यालये आहेत. साधन उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करणे आपल्या हाती आहे.

या अभ्यासाने पोट भरेल काय, असे पालक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुराभिलेखागार, वस्तुसंग्रहालये, अनुवाद, अध्यापन येथे काही जागा असतात. त्या फार नसतात. तथापि जमिनीचा जुना कागद, देवस्थानचा वाद, गावाच्या सीमेचा तंटा यांत खरा-खोटा दस्तऐवज ओळखणारा माणूस गावाला लागतोच. तो नसला म्हणजे दंतकथेला पुराव्याचा मान मिळतो आणि पुरावा वाळवीच्या तोंडी जातो.

काळही थांबलेला नाही. मोप्याच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत वाहतूक सुरू झाली आणि पेडण्याच्या पठाराचे रूप पालटले. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींनी अनेक डोंगरांची ओळख पुसली. डोंगर गेला की त्यावरील वाटेचे, देवराईचे, शेताचे नावही एका पिढीत जाते. मोडी सहज वाचणारी माणसे तर थोडीच उरली आहेत. विकासाला विरोध करणे हा आमचा हेतू नाही. जे बदलणार आहे त्याची नोंद बदलण्यापूर्वी व्हावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.

यासाठी पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने एक गाव निवडावे. तेथील स्थलनामे, उत्सव, शिलालेख व देवस्थानच्या वह्या यांची सूची करावी, आणि ऐकीव काय व लिखित काय हे स्पष्टपणे वेगळे मांडावे. मोडी व पोर्तुगीज यांचे पायाभूत वर्ग त्याच्या अभ्यासक्रमाचाच भाग असावेत. आणि शाळांतून शिकविणाऱ्या आपणा सर्वांवरही एक जबाबदारी येते. गावाविषयी कुतूहल असलेला विद्यार्थी प्रथम आपल्याच वर्गात बसलेला असतो. त्याला ओळखावे, गावातील जुन्या कागदापर्यंत न्यावे आणि पुढे विद्यापीठाची वाट दाखवावी. वारसा रक्ताने मिळत असेल. त्याचे ज्ञान मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागते.