अठ्ठ्याहत्तर मिनिटे

२८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती आणते. हल्ले ओळखण्याचा एक नवा साचा तिच्यात आहे. साच्यात रकाने २१. प्रत्यक्षात माहिती पुरवली जाते २० रकान्यांची.

५ मार्च. चाचणी होते, साचा पास होतो. एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण आहे, त्यामुळे तो उघडून बघायची वेळच येत नाही. एप्रिलमध्ये याच साच्यावरचे आणखी तीन नियम जगभर जातात. काही बिघडत नाही. न बिघडणे हाच पुढे पुरावा धरला जातो.

१९ जुलै, शुक्रवार, पहाटे ३.२६ (सर्व वेळा भारतीय). मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउड सेवेचा अमेरिकेच्या (यूएस) मध्य भागातला विभाग कोलमडतो. पुढच्या प्रकाराशी याचा संबंध नाही. दिवसभर मात्र लोक दोन्हींची गल्लत करणार आहेत.

सकाळी ९.३९. क्राउडस्ट्राइककडून फाल्कनसाठीची फाइल क्रमांक २९१ सुटते. तिच्यात दोन नवे नियम आहेत आणि एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच नेमका निकष आहे. फाइल तपासणारा प्रोग्रॅम २१ रकाने भरलेले असणार असे गृहीत धरून तिला पुढे सोडतो. आधी थोड्या संगणकांवर पाठवून बघायची पद्धत या फाइलींसाठी तेव्हा नव्हती. त्या सगळ्यांना एकदम जात. अनेक ग्राहकांनी सावधपणे ‘आम्हाला एक आवृत्ती मागचीच द्या’ असे ठरवून ठेवले होते. ती अट सॉफ्टवेअरला लागू होती, या फाइलींना नव्हती.

फाइल पोहोचताच सॉफ्टवेअर एकविसावी नोंद वाचायला जाते. ती नाही. हात भलत्याच मेमरीत पडतो. फाल्कन विंडोजच्या गाभ्यात बसलेले असल्याने ते एकटे पडत नाही, अख्खा संगणक घेऊन पडते. निळा पडदा. संगणक पुन्हा सुरू होतो, तीच फाइल वाचतो, पुन्हा निळा पडदा.

१०.५७. फाइल मागे घेतली जाते. या ७८ मिनिटांत जे संगणक बंद होते ते वाचले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे तडाख्यात सापडली. एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण फाल्कन घरच्या संगणकावर नसते, मोठ्या कंपन्यांत असते.

दुपार. मुंबई विमानतळावर चेक-इनच्या रांगा लांबतात. देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जातात. इंडिगोची सुमारे दोनशे उड्डाणे रद्द.

३.१५. कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ जाहीर करतात: हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला, दुरुस्ती पाठवली आहे. पण जो संगणक सुरूच होत नाही, त्याने ती घ्यायची कशी? सेफ मोडमध्ये जाऊन हातानेच ती फाइल उडवावी लागते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाकायची. व्हर्च्युअल मशीनचे जरा बरे: त्याची डिस्क काढून दुसऱ्या, धडधाकट व्हर्च्युअल मशीनला जोडायची, तिथून फाइल पुसायची, परत लावायची. अझ्युरवर काहींना नुसते वारंवार रीस्टार्ट करून यश आले. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार कधी कधी पंधरा वेळा.

२० जुलै, पहाटे ३. या वेळेपासून विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत झाल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्रालय नंतर सांगते.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचे साधन देते. लागते काय? एक चांगला विंडोज संगणक, त्यात ८ जीबी मोकळी जागा आणि किमान १ जीबीचा पेनड्राइव्ह. त्यावरचे सगळे पुसले जाईल, ही सूचनाही सोबत. आणि तो पेनड्राइव्ह प्रत्येक यंत्राला नेऊन लावणारा माणूस. असा एखादा संगणक गगनबावड्यात अडकला असता, तर जुलैच्या पावसात कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटर कोणाला तरी एसटीने पेनड्राइव्ह घेऊन जावे लागले असते. फाइलीला या अंतराची अडचण नव्हती.

२५ जुलै. वाचण्याआधी रकाने मोजून घेणारी तपासणी सॉफ्टवेअरमध्ये जोडली जाते.

३० जुलै, पहाटे ५.३०. फाल्कन असलेली सुमारे ९९ टक्के विंडोज यंत्रे पुन्हा सुरू.