ऱ्हाईनचे दोन काठ

उत्तरेकडे वाहत येणारी ऱ्हाईन नदी माइन्त्स शहरापाशी टाउनुसच्या डोंगररांगेला अडते आणि पुढे सुमारे तीस किलोमीटर पश्चिमेकडे वाहते. या वळणामुळे उजव्या काठावरील उतार दक्षिणाभिमुख झाले. रीसलिंग द्राक्षांसाठी ख्यातनाम असलेला ऱ्हाईनगाउ हा मुलूख तो हाच. डाव्या काठामागे ऱ्हाईनहेस्सेन हा जर्मनीतील सर्वांत विस्तीर्ण द्राक्षप्रदेश पसरला आहे. माइन्त्स डाव्या काठावर. वीसबाडेन आणि एल्टव्हिल उजव्या. या नगरांचे इतिहास बहुधा वेगवेगळे लिहिले जातात. तथापि माइन्त्सच्या वाङ्मयीन इतिहासाची काही पाने नदी ओलांडल्याखेरीज उलगडत नाहीत.

मुद्रणकलेचेच पाहावे. गुटेनबर्गचा छापखाना माइन्त्समधला; त्याच्या यंत्राची कल्पना द्राक्षे पिळण्याच्या मळसूत्री दाबयंत्रावरून सुचली असावी, असे सामान्यतः मानले जाते. परंतु १४६२ च्या ऑक्टोबरात, आर्चबिशपपदाच्या वादात, नासाउच्या आडोल्फने शहर रात्रीतून जिंकून लुटले, नागरिकांना हद्दपार केले आणि नगराचे जुने स्वातंत्र्य संपवले. मुद्रक पांगले, आणि जी विद्या एका शहराचे गुपित होती ती गावोगाव गेली. विजेत्याचे निवासस्थान एल्टव्हिलला होते. तेथे १४६७ मध्ये बेख्टरम्युन्त्स बंधूंच्या छापखान्यातून एक लॅटिन-जर्मन शब्दकोश बाहेर पडला. त्याआधी, १४६५ मध्ये, याच आडोल्फने वृद्ध गुटेनबर्गला आपल्या दरबारात मानाचे स्थान दिले: दरवर्षी पोशाख, धान्य आणि सुमारे दोन हजार लिटर वाईन, तीही करमुक्त. वाईन घरखर्चापुरती, विकायची नाही, अशी अट होती. ज्याने शहर उद्ध्वस्त केले त्याच्याच कोठारातून त्या शहराच्या थोर कारागिराचा योगक्षेम चालावा, यात औदार्य किती आणि प्रायश्चित्त किती, हे ठरवणे कठीण आहे.

भारतीय वाचकाला माइन्त्सची ओळख दुसऱ्याही एका वाटेने व्हायला हवी. १७८८ पासून तेथील विद्यापीठाचा ग्रंथपाल असलेल्या गेओर्ग फोर्स्टरने विल्यम जोन्सच्या इंग्रजी अनुवादावरून ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये आणले. ते १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. (किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० चे, हे येथे सहज आठवते.) हर्डर आणि ग्योटे यांना कालिदास भेटला तो या अनुवादातून. ऑगस्ट १७९२ मध्ये माइन्त्सला आलेला ग्योटे फोर्स्टरच्या स्नेहीमंडळात रमलाही होता. वर्ष सरण्याच्या आत फ्रेंच क्रांतिसेना शहरात शिरली, पलीकडच्या काठावरील कास्टेलला तटबंदी झाली आणि फोर्स्टर अल्पायुषी माइन्त्स प्रजासत्ताकाचा एक अग्रणी बनला. १७९३ च्या वेढ्यात ग्योटे होता तो वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत. प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेलेला फोर्स्टर परतू शकला नाही. जानेवारी १७९४ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, तो तेथे निवर्तला. जर्मन समीक्षेने त्याला दीर्घकाळ देशद्रोही ठरवून बाजूला ठेवले. त्याच्या अनुवादाचे ऋण मात्र कोणालाच नाकारता आले नाही.

ग्योटे या परिसरात परतला तो १८१४ आणि १८१५ च्या उन्हाळ्यात, समोरच्या वीसबाडेनला. तेथील उष्ण झऱ्यांची ख्याती रोमनकाळापासूनची. हाफिजच्या वाचनाने झपाटलेल्या त्या दिवसांत त्याच्या ‘वेस्ट-अ्योस्टलिशर दिवान’ची कित्येक काव्ये येथेच आकाराला आली. पूर्वेकडे वळलेली जर्मन दृष्टी अशी एका काठावर उघडली आणि दुसऱ्या काठावर स्थिरावली.

नदी ही सीमा आहे असे मानणारे राज्यकर्ते अनेक झाले. त्यांतला शेवटचा निर्णय १९४५ चा. फेब्रुवारीतील बॉम्बवर्षावाने माइन्त्सचे हृदय जळून गेले होते. वीसबाडेनची हानी तुलनेने कमी होती. डावा काठ फ्रेंचांच्या ताब्यात गेला, उजवा अमेरिकनांच्या. माइन्त्सची पलीकडची उपनगरे, कास्टेल, कोस्टहाइम आणि आम्योनेबुर्ग, वीसबाडेनच्या कारभारात टाकण्यात आली आणि ती पुन्हा परतली नाहीत. पुढे माइन्त्स ऱ्हाईनलांड-फाल्त्सची राजधानी झाले, वीसबाडेन हेस्सेनची. कोस्टहाइमची द्राक्षे ऱ्हाईनगाउची म्हणून गणली जातात, कर वीसबाडेनला जातो; कास्टेलच्या रेल्वेस्थानकाचे नाव मात्र आजही ‘माइन्त्स-कास्टेल’ असेच आहे.