जुनी मोटारगाडी : विजेचे आणि गिअरचे बिघाड

दहा-पंधरा वर्षे चाललेल्या आणि एकदोन मालक बदललेल्या गाडीत बॅटरी, वायरिंग, सेल्फ व अल्टरनेटर हे विजेचे भाग आणि क्लच, गिअरबॉक्स व एक्सल हे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारे भाग कुरकुर करू लागले की नेमका दोष शोधायचा कसा, याविषयीची ही नोंद. गॅरेजात ही दोन खाती वेगळी असतात. वायरिंगचे काम एकाकडे, गिअरचे दुसऱ्याकडे. दोष कोणाच्या खात्यातला हे ठरेपर्यंत मालकाचा खिसा दोन्हीकडे हलका होतो. येथे दोन्ही एकत्र घेतली आहेत, कारण जुन्या गाडीत विजेचा दोष गिअरच्या तोंडून बोलतो, असे वरचेवर घडते.

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव. सोलापूरहून अक्कलकोट सुमारे ४० किमी आणि मैंदर्गी त्याच्याही पुढे. कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या या पट्ट्यात एमएच-१३ पासिंगच्या गाडीशेजारी केए-३२, केए-२८ पासिंगची गाडी उभी दिसण्यात नवल नाही. अशा गावात जुनी गाडी हौसेपेक्षा गरजेपोटी घेतली जाते, आणि ती बंद पडली तर सुटा भाग आणायला सोलापूर नाहीतर कलबुर्गी गाठावे लागते. भाग आणण्याआधी दोष नक्की करणे, हे इथे शहरापेक्षा जास्त मोलाचे.

गाड्यांच्या पिढ्या ध्यानात घेतल्या पाहिजेत. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फिएट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आता हौशी लोकांकडेच उरली आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ ची होती. तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. दुसरी पिढी मारुती ८०० ची. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबले. ओम्नी, इंडिका, सुमो याच काळातल्या. तिसरी पिढी संगणकावर चालणाऱ्या गाड्यांची. त्यांतल्या पहिल्या आता सेकंडहँड बाजारात आल्या आहेत.

तपासाची सुरुवात बॅटरीपासून करावी, मग तक्रार गिअरची का असेना. चांगली चार्ज झालेली बारा व्होल्टची बॅटरी गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी दमली आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. त्याहून कमी असतील तर आधी पट्टा बघावा, मग अल्टरनेटरचे ब्रश आणि डायोड. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. मग बॅटरीचे पाणी भराभर आटते आणि बल्ब उडतात. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर लावावा. भरलेल्या बॅटरीत आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते. पाच खाने सारखे आणि एकच खाना ०.०५ ने खाली, असे दिसले तर तो खाना मेला. अशी बॅटरी चार्जिंगला ठेवण्याचे पैसे वाया जातात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बॅटरीचे आयुष्य खरे तिथे सरते. उष्णतेने पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात, गंज वेगाने चढतो. पण गाडी मे महिन्यात दगा देत नाही. गरम इंजिन सहज फिरते. दगा देते ती डिसेंबरच्या थंड पहाटे, आणि दोष मात्र थंडीला मिळतो. डिस्टिल्ड पाणी मार्च ते जून दर पंधरवड्याला बघावे. बोअरचे पाणी कधीही घालू नये. त्यातले क्षार प्लेटांना मारतात.

सेल्फ मारताना नुसते ‘टक्’ होते, हेडलाइट मात्र झकास लागतात. या लक्षणावर जितके सेल्फ विनाकारण बदलले गेले असतील तितके दुसऱ्या कशावर नसतील. बॅटरी ठीक आहे, लाइट साक्ष देतात, तेव्हा सेल्फच गेला, असे अनुमान काढले जाते. हिशेब मांडला की त्यातली फट दिसते. हेडलाइटचा एक बल्ब ओढतो पाचेक अँपिअर. सेल्फ शंभर किंवा त्याहून जास्त. सांध्यात गंजामुळे एक दशांश ओहमचा अडथळा आला, तर पाच अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट जातो आणि डोळ्याला काही कळत नाही. सेल्फने शंभर अँपिअर ओढू पाहिले तर दहा व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतील. सेल्फला उरणार काय?

म्हणून मल्टिमीटर घेऊन सेल्फ मारतेवेळी व्होल्टेज कुठे गळते ते मोजावे. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटीवर, क्लिपेवर नव्हे, आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब. धन बाजूला बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. मीटर नसेल तर जंप केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाला लावून सेल्फ मारावा. इंजिन खडखडून फिरले तर निकाल लागला. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, क्लिप कानशीने उजळवावी, घट्ट आवळावी आणि मगच वरून ग्रीस लावावे. आधी ग्रीस आणि मग क्लिप, हा क्रम उलटा आहे.

याच अर्थिंगमुळे गिअरचा एक खोटा आजार उद्भवतो आणि तो जवळून बघण्याजोगा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी मौंटिंगवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही, म्हणून बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी जोडलेली असते. इथल्या काळ्या मातीचा चिखल तिच्यावर उडतो, वाळून घट्ट बसतो, पुढच्या पावसात पुन्हा भिजतो. दोनचार वर्षांत पट्टीचे धागे एकेक करून तुटतात, नाहीतर गिअर काढताना कोणीतरी ती सोडतो आणि परत जोडायला विसरतो. सेल्फचा प्रवाह मग दुसरी वाट शोधतो. क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, जे धातूचे मिळेल ते. शंभर अँपिअर पेलण्याची त्या बारीक तारेची ऐपत नसते. तार तापते, आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळून तारेला चिकटते, आणि दोन दिवसांनी मालक म्हणतो, क्लच जड झालाय, गिअर पडताना करकर करतो. केबल बदलली की गाडी सुधारते. महिन्याभरात तेच दुखणे पुन्हा. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट बदलूनही गुण येत नाही. सेल्फ मारल्यानंतर क्लचच्या केबलला हात लावून बघावा. ती कोमट लागली तर गिअरबॉक्सला हात लावू नये, आधी पट्टी बघावी.

वीज आणि गिअर यांच्या भेटीची आणखी ठिकाणे आहेत. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच गिअरबॉक्सवर बसतो. त्याची वायर सायलेन्सरच्या नळीला लागून सोलली गेली असेल तर रिव्हर्स टाकताच फ्यूज उडतो. अनेक गाड्यांत त्याच फ्यूजवर इंडिकेटर किंवा डॅशबोर्डचे काटे असतात, त्यामुळे गाडी मागे घेतली आणि काटे झोपले अशी चमत्कारिक तक्रार येते. स्पीडोमीटर जुन्या गाड्यांत केबलने आणि नव्यांत सेन्सरने गिअरबॉक्सशीच जोडलेला असतो. सेन्सर गेला तर काही गाड्यांत काटा तर पडतोच, शिवाय सिग्नलला थांबताना इंजिनही बंद पडते. सेल्फ फिरतो पण इंजिन फिरत नाही, नुसता घर्रकन आवाज येतो, तेव्हा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात त्या जागी झिजलेले असतात. गाडी गिअरमध्ये टाकून थोडी ढकलली की दात पुढे सरकतात आणि गाडी सुरू होते. ही युक्ती दुरुस्ती नव्हे, हे मात्र ती करणारे लवकर विसरतात.

रात्रीत बॅटरी उतरते या तक्रारीवर उपाय जुनाच आहे. सगळे बंद करून, दारे लावून, ऋण क्लिप काढावी आणि खुंटी व क्लिप यांच्या मध्ये लहान टेस्ट लॅम्प जोडावा. दिवा स्पष्ट पेटला तर कुठूनतरी वीज गळते आहे. फ्यूज एकेक काढत जावे. ज्या फ्यूजला दिवा विझेल त्या वाटेवर चोर. मीटरने मोजल्यास ५० मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते, घड्याळ आणि रेडिओची स्मृती तेवढे खातात. सगळे फ्यूज काढूनही दिवा जळतच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहावी. डायोड फुटला की बॅटरी त्यातून उलटी रिकामी होते. चोर बहुतेक वेळा कंपनीच्या वायरिंगमध्ये नसतो, नंतर केलेल्या जोडकामात असतो. प्रेशर हॉर्न, टेप, निळे दिवे, सगळे कुठेतरी वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून बसवलेले. हेडलाइटला साठ वॅटच्या जागी शंभराचे बल्ब लावण्याची खोड तर सर्वत्र. दोन बल्बांचा भार दहा अँपिअरवरून सतराच्या आसपास जातो आणि रिले नसलेल्या गाडीत स्टिअरिंगखालचा स्विच वितळतो. उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांचाही हिशेब धरावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यावर चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे गाडी पेटवून देण्याची तयारी.

आता खरोखरीचे गिअरचे दोष. त्यांत कान मोठे काम करतो. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला. अशा वेळी घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग गेले. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. वळणावर चाकाकडून कट्कट्कट् आली तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक्सलचा बाहेरचा जॉइंट, ज्याचे रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. ओम्नी, सुमो यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्लच सोडताना ‘ठक्’ होते ते प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमुळे.

क्लच घसरतो की नाही हे सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून पाहावे. थोडा अॅक्सिलरेटर देत क्लच सोडल्यावर इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. ते फिरतच राहिले तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करावी, प्लेट उरली असेल तर तीही जळायची. रिव्हर्स करकरत असेल तर आधी क्लच दाबून चौथा टाकावा आणि मग रिव्हर्स. करकर गेली तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता आहे. बहुधा केबल ताणली गेली आहे आणि पान्याने दोन आटे फिरवून काम भागते. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो आधी ओरडतो एवढेच. दुसरा किंवा तिसरा गिअर मात्र पडताना करकरत असेल तर त्याची पितळी सिंक्रो रिंग झिजली.

चालता चालता गिअर सुटतो, ही तक्रार ऐकताच गिअरबॉक्स उतरवणाऱ्याला थांबवावे. एकाला बॉनेटपाशी उभे करावे आणि दुसऱ्याने ब्रेकवर पाय ठेवून, पहिला टाकून, क्लच किंचित सोडावा. इंजिन एका बाजूने उचलले गेले तर मौंटिंग तुटले आहे आणि गिअर सुटण्याचे कारण बाहेरच आहे. दांड्याचे बुश झिजले की गिअर सापडत नाहीत. स्टिअरिंगवर दांडा असलेल्या फिएटमध्ये तर दोन गिअरांच्या मध्ये सळई अडकायची आणि चालक भर रस्त्यात बॉनेट उघडून ती हाताने सोडवायचा. रबरी मौंटिंग आणि बुश यांचा खर्च गिअरबॉक्स उघडण्याच्या मजुरीपुढे किरकोळ.

उघडण्यापूर्वी तेल काढून बघावे. प्लगच्या चुंबकावर काळा मऊ गाळ दिसणे हे वयाचे लक्षण. तेलात सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंगांचे पितळ झडते आहे. टोकदार तुकडा आला तर दात तुटला, आणि मग गाडी पुढे चालवू नये. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. बहुतेक जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ प्रतीचे तेल सांगितलेले असते. डिफ्रन्शिअलचे जीएल-५ तेल पितळाला मानवत नाही.

तिसऱ्या पिढीच्या गाड्यांत हे सारे लागू आहेच, वर संगणक आहे. २०१४ च्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत आलेल्या एएमटीमध्ये क्लच आणि गिअर हे नेहमीचेच, फक्त पाय आणि हात यांच्या जागी विजेवर चालणारा पंप व अॅक्च्युएटर असतो. त्यामुळे बॅटरी जरा उतरली तरी गिअर पडत नाही, पडद्यावर ‘एन’ लुकलुकत राहतो आणि गिअरबॉक्स गेल्याची हवा उठते. ब्रेक पेडलचा साधा स्विच बिघडला तरी गाडी सुरू होत नाही, कारण ब्रेक दाबल्याची खूण संगणकाला मिळत नाही. एप्रिल २०१३ पासून भारतात ओबीडी-दोन ही बिघाडाची नोंद ठेवणारी व्यवस्था सक्तीची झाली, तेव्हा त्यानंतरच्या गाडीला स्टिअरिंगखाली जोडणी मिळते आणि साधा स्कॅनरही कोड वाचतो. पी-०७०० चा अर्थ गिअरच्या संगणकाने तक्रार नोंदवली आहे एवढाच. कोणती, ते आतला दुसरा कोड सांगतो. त्याच्या सोबत पी-०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, हाही आला असेल तर दोन्ही पुसून, बॅटरी आणि अर्थिंग ठीक करून गाडी पुन्हा चालवून बघावी. एएमटीची क्लचप्लेट बदलल्यावर मात्र नव्या प्लेटचा पकड-बिंदू संगणकाला स्कॅनरवरून शिकवावा लागतो. हे न करता गाडी सोडली तर ती झटके देत चालते, आणि तो स्कॅनर नसलेल्या गावातल्या मिस्त्रीने प्लेट कितीही नेटकी बसवली तरी शेवटच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी गाडी सोलापूरला न्यावी लागते.