कामठ्याचं कूळ

कोकणातल्या धनुष्याचं कूळ शोधायला निघालं की पुराणांच्या आधी पाऊस लागतो. पनवेलजवळच्या विचुंब्यातून पूर्वेला पाहिलं तर माथेरानची रांग दिसते. तिच्या पायथ्याकडून गाढी नदी येते आणि डोंगरावर किती कोसळलं ते पुलाखालच्या पाण्यावरून गावाला कळतं. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माथेरानवर त्याहून बराच जास्त. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास, लाकडाला बुरशी. मध्य आशियातून आलेलं प्रसिद्ध धनुष्य अशा हवेत तग धरत नाही. आतून शिंग, मध्ये लाकूड, बाहेरून जनावराचे स्नायू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं, अशी त्याची घडण. सरस ओल धरतो, थर सुटू लागतात, धनुष्याचा जोर जातो. मोगलांच्या शस्त्रागारांत पोलादाची धनुष्यंही होती, त्यामागे हिंदुस्थानातल्या दमट हवेचं कारण होतंच.

सह्याद्रीच्या उतारावर मात्र बांबूचं एकसंध धनुष्य टिकलं. त्यात चिकटवलेलं काही नसतं, म्हणून सुटण्यासारखंही काही नसतं. मोडलं तर बेटातून दुसरा वेळू तोडायचा. हाच आपला कामठा, बाणासकट म्हणायचा तर तिरकामठा.

त्याचा पुरावा फार मागे जातो. इसवी सनापूर्वी 480 मध्ये इराणचा राजा झर्क्सीझ ग्रीसवर चालून गेला तेव्हा त्याच्या फौजेत हिंदी तिरंदाज होते. हिरोडोटसने त्यांचं वर्णन केलंय: अंगावर कापसाची वस्त्रं, हातात वेळूची धनुष्यं, वेळूचेच बाण, बाणांना लोखंडी टोकं. पुढे अलेक्झांडरचा दर्यासारंग निआर्कस याच्या आधारे एरियन लिहितो की हिंदी पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच असे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून दोरी ओढत आणि त्या बाणापुढे ढाल टिकत नसे.

कौटिल्याने तर शस्त्रकोठाराची यादीच दिली आहे. ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं अशी चार प्रकारची धनुष्यं, आणि त्याच ओळीने कार्मुक, कोदंड, द्रूण, धनू ही नावं. हा क्रम धरला तर कोदंड हे बांबूचं धनुष्य ठरतं. रामाच्या हातातलं जे कोदंड आपण सोन्याने मढवलेलं कल्पतो, त्याचं नाव अर्थशास्त्रात वेळूपाशी येतं. दोरीसाठी कौटिल्य मूर्वा, रुई, ताग, बांबूची साल, जनावराचे स्नायू अशी द्रव्यं सांगतो. मूर्वा ही घायपातीसारख्या लांब पानांची वनस्पती. तिच्या धाग्याची दोरी ती मौर्वी. राजवाड्यातली दोरीसुद्धा अशी रानातूनच येई.

महाराष्ट्रातही धनुष्याच्या खुणा जुन्या आहेत. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बाण आणि वज्र आहे. कोल्हापूरकडच्या विळिवायकुर, सिवलकुर या राजांच्या नाण्यांवर बाण लावलेलं धनुष्यच कोरलेलं आहे. बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर घोडेस्वारांशी भिडलेला धनुर्धर दिसतो. मग तोफा-बंदुका आल्या, धनुष्यं घडवणारे कमानगर आणि बाण घडवणारे तीरगर यांची कामं गेली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धनुष्य फौजेतून बाहेर पडलं.

रानातून ते बाहेर पडलं नाही. कुळकथेचा हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. राजांच्या धनुष्यावर ग्रंथ झाले, नाणी पडली, शिल्पं झाली. पण ग्रंथांत लिहिलेलं हाताने करणारी माणसं ठाकूर, वारली, भिल्ल आणि आमच्या भागात कातकरी. कातकऱ्यांचं जुनं नाव काथोडी, खैराच्या लाकडापासून काथ काढणारे म्हणून. त्यांच्यात सोन काथोडी आणि ढोर काथोडी असे दोन भेद. रावणाशी लढायला रामाच्या बाजूने गेलेल्या वानरांपासून आपला वंश आला, असं ते सांगत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नोंदींतही ते उतरलं आहे. 1934 मध्ये अ. ना. वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत निघालं. नेरे, मालडुंगे, धोदाणी या बाजूला, गाढीच्या वरच्या अंगाला, त्यांच्या वाड्या आजही आहेत.

कामठा कसा जमतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिली कसोटी वेळूची. कोवळा वेळू वाकतो पण उलटून जोर देत नाही; फार जून झालेला तडकतो. तीनेक वर्षांचा हवा. ते वय सालीवर वाचता येतं. कोंभाची पानोळी गळून गेलेली असते, पेरांखालची पांढरी भुकटी उडालेली असते, हिरव्या रंगात पिवळट झाक आणि दगडफुलाचे ठिपके येऊ लागतात. कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज बद्द येत नाही. आतून भरीव किंवा जाड भिंतीचा वेळू चांगला. तोड दिवाळीनंतर, थंडीत करायची. तेव्हा वेळूत साखर-पिष्ट कमी असतं आणि भुंगा लागत नाही. अंधाऱ्या पक्षात तोडावा असा रिवाज आहे, तो आजही बरेच जण पाळतात.

मग पेरं मोजायची. वासिष्ठ धनुर्वेदात म्हटलंय की तीन, पाच, सात, नऊ पेरांचं धनुष्य घ्यावं. चार, सहा, आठ पेरांचं टाकावं. नुसता शकुन म्हणून हे सोडून देऊ नये. पेर म्हणजे वेळूतली ताठ जागा. विषम पेरं असली की एक पेर मुठीत येतं आणि वर-खाली सारखी पेरं राहतात, धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचं आणि खालचं अंग, सारखे वाकतात. सम पेरं असली तर एका बाजूला एक ताठ जागा जास्त पडते. त्याच ग्रंथात कच्चा, जीर्ण, जळका, भोकं पडलेला वेळू वर्ज्य सांगितलाय. ही सगळी नियमावली कोणातरी वेळू फोडणाऱ्या माणसाच्या अनुभवातून ग्रंथात गेली असणार, असं मला ती वाचताना वाटतं.

वेळू उभा फोडून लांब पट्टी काढतात. सालीची बाजू निशाणाकडे, पोटाची बाजू आपल्याकडे. बांबूचे धागे सालीलगत सर्वांत दाट असतात आणि ओढ सोसायची ती तिथे. म्हणून सालीला कोयता लावायचा नाही. तिथला एक धागा तुटला तरी धनुष्य पुढे त्याच जागी फाटतं. जे काही तासायचं ते पोटातून. मुळाकडचा भाग शेंड्यापेक्षा जाड, तेव्हा तिकडे जास्त तासावं लागतं. निखाऱ्यावर धरून ओल काढतात, वाकडेपणा गरम असतानाच गुडघ्यावर दाबून सरळ करतात.

आता खरं काम, तोल लावायचं. टोकांना खाचा पाडून सैल दोरी बांधायची आणि वीतभर ओढून बघायचं. एक हात गोल वाकतो, दुसरा ताठ राहतो, असं पहिल्यांदा होतंच. ताठ हाताच्या पोटातून काचेच्या तुकड्याने भुसा काढायचा, पाच-दहा वेळा ओढून सावकाश सैल करायचं, पुन्हा बघायचं. ओढायचं, पण बाण न लावता झटकन सोडायचं कधीच नाही. बाणाने न्यायचा जोर धनुष्यातच फिरतो आणि ते फुटतं. ओढ थोडी थोडी वाढवत न्यायची. हातांचा बाक सारखा दिसला आणि मुठीत कुठे टोचल्यासारखं झालं नाही, की तासणं थांबवायचं. पूर्ण ओढून हात थरथरू लागला तर ते धनुष्य त्या माणसाला जड आहे. जड धनुष्य मिरवायला बरं, नेम बिघडवायला त्याहून बरं.

दोरीला केवणीच्या सालीचा वाख किंवा अंबाडी. भिल्लांकडे बांबूच्या सालीचीच पातळ पट्टी दोरी म्हणून वापरतात. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून किती लांब राहते ते बघायचं: मूठ आणि वर उभा अंगठा एवढं अंतर साधारण ठीक. कमी राहिलं तर दोरी मनगटाला फटका देते, तेव्हा पीळ वाढवून ती आखूड करायची. जास्त झालं तर धनुष्यावर ताण राहतो, पीळ उकलायचा. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर वेळू वाकलेलाच राहून मऊ पडतो.

बाणाची निवड धनुष्यापेक्षा नाजूक. बाण सुटतो तेव्हा तो सरळ जात नाही. दोरीच्या धक्क्याने आधी वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. बाण धनुष्याच्या मानाने ताठ असला तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा नेम डावीकडे जातो, लवचीक असला तर उजवीकडे. ताठ बाणाला टोक जड लावून लवचीक करता येतं. लवचीक बाण थोडा कापला की ताठ होतो. एकाच बेटातल्या बारीक काड्या घेऊन, बोटावर तोलून, सारख्या वजनाचे बाण जुळवतात, ते यासाठी. पिसं मागे लावायची ती बाणाचं शेपूट मागेच राहावं म्हणून. संस्कृतात बाणाला गिधाडाच्या पिसांवरून गार्ध्रपत्र आणि कंक पक्ष्यावरून कंकपत्र म्हटलंय, इतकं ते पीस महत्त्वाचं. पाखरं मारायला टोकाला लोखंड लावत नसत, बोथट लाकडी बोंड लावत.

ओढायची रीत दोन तऱ्हेची. मध्य आशियाई धनुष्य अंगठ्याने ओढत, त्यासाठी अंगठ्यात कडं घालत. शहाजहानचं जेडचं असं कडं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. भिल्ल बोटांनी दोरी ओढतात आणि अंगठा बाजूला ठेवतात; एकलव्याचा मान राखण्यासाठी, असं सांगितलं जातं. पोरं शिकतात ती जवळून, भाताच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर. अंतर वाढवायची घाई नसते. एकच बाण, एकच जागा, ओढणारा हात दर वेळी गालावर त्याच ठिकाणी टेकला पाहिजे. त्याच्याही आधी हातात गलोल येते. जुनी गलोल म्हणजे दोन दोऱ्यांचा छोटा कामठा, मधल्या पट्टीत मातीचा खडा ठेवून मारायचा.

या विद्येला मोठा घाव 1878 साली बसला. त्या एका वर्षात दोन कायदे आले. शस्त्रांच्या कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत तलवारी-भाल्यांबरोबर धनुष्यबाण नावाने घातले. वनकायद्याने राखीव जंगलं ठरवून सरकारची पकड पक्की केली. कातकऱ्यांचा काथ बुडाला, ते कोळशाच्या भट्ट्यांवर आणि पुढे वीटभट्ट्यांवर गेले. 1927 च्या वनकायद्यात झाड या शब्दात बांबूही धरला, म्हणजे वेळू तोडणं झाड तोडण्यासारखंच. 25 सप्टेंबर 1930 रोजी पनवेलच्या शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. गोळीबार झाला आणि हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरी होता. कोणत्या जंगलासाठी तो गेला, हे कळायला कामठ्याचं कूळ माहीत असावं लागतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली, त्यातही शस्त्रांच्या यादीत धनुष्यबाण आहेत. ही बंदी हवीच होती. कर्नाळ्याच्या अभयारण्यातली पाखरं त्यामुळे राहिली. पण जिची भाकरी शिकारीशी जोडलेली होती त्या जमातीला पर्याय म्हणून मिळाली ती बहुतेक वीटभट्टीची उचल.

बांबू मात्र हळूहळू परत येतोय. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवला, तो गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. आता बांधावरचा वेळू तोडायला परवाना लागत नाही. विचुंबं सिडकोच्या नैना या नियोजित शहराच्या क्षेत्रात आलंय, बांधांच्या जागी इमारती चढतायत, तेव्हा हा बदल गावाला उशिरा मिळाला; वरच्या वाड्यांना अजून वेळेत आहे.

धनुष्याला मैदानही आहे. देशातल्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये इंडियन राउंड हा गट बांबूच्या धनुष्यासाठी आहे, 30 आणि 50 मीटरवर. पुष्कळ खेळाडूंची सुरुवात तिथेच होते. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला आदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले ते कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्यावर, आणि त्यांची तयारी साताऱ्यात झाली होती. रायगडातही अशी शाळा व्हावी, आणि तिथे वेळू निवडायला, तोल लावायला, बाण जुळवायला शिकवणारा माणूस धोदाणीच्या वाडीतून पगारावर घ्यावा. त्याला कोणतंही प्रमाणपत्र मागू नये. त्याने तासलेला कामठा ओढून बघावा.