रोलर रॉकर आर्म

रोलर रॉकर आर्म हा अंतर्ज्वलन इंजिनातील झडपा उघडणाऱ्या यंत्रणेचा एक सुटा भाग आहे. साध्या रॉकर आर्ममध्ये धातूवर धातू घासतो. रोलर रॉकरमध्ये त्या घर्षणाच्या जागी लहान चाक किंवा सुई-बेअरिंग बसवलेले असते. शर्यतीच्या व अधिक शक्तीसाठी सुधारलेल्या मोटारींत मूळ रॉकर काढून बाजारातील रोलर रॉकर बसवण्याची पद्धत आहे. हा भाग वेगळा विकत मिळत असला तरी त्याचा परिणाम झडप, स्प्रिंग, पुशरॉड, कॅमशाफ्ट आणि पिस्टन या सर्वांवर होतो. त्यामुळे त्याची निवड संपूर्ण यंत्रणेची मापे घेऊनच करावी लागते.

कार्य

पुशरॉड असलेल्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, सिलिंडरांच्या बाजूला असतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला उचलतो आणि पुशरॉड रॉकरचे एक टोक वर नेतो. रॉकर मध्यभागी टेकूवर आधारलेला असल्याने त्याचे दुसरे टोक खाली येते व झडप उघडते. शालेय पदार्थविज्ञानातील पहिल्या प्रकारच्या तरफेचे हे उत्तम उदाहरण होय. झडप परत मिटवण्याचे काम स्प्रिंग करते. चारस्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते. म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक रॉकर मिनिटात ३,००० वेळा हलतो.

प्रकार

रोलर रॉकरचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात केवळ झडपेकडील टोकाला चाक असते आणि टेकू जुन्या पद्धतीचाच राहतो. दुसऱ्यात टोकाला चाक आणि टेकूच्या जागी सुई-बेअरिंग, असे दोन्ही असते. यास पूर्ण रोलर रॉकर म्हणतात. जास्त दाबाच्या स्प्रिंग असलेल्या इंजिनात टेकूवर मोठा भार येतो व तेथे उष्णता निर्माण होते. म्हणून घर्षण कमी करण्याच्या दृष्टीने पूर्ण रोलर रॉकर अधिक उपयुक्त ठरतो.

टेकूच्या रचनेनुसारही भेद पडतात. काही इंजिनांत प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर बसतो, तर काहींत सर्व रॉकर एका आडव्या दांड्यावर ओवलेले असतात. एका रचनेचा रॉकर दुसऱ्या रचनेच्या इंजिनात थेट बसत नाही.

रॉकर गुणोत्तर

टेकूपासून झडपेकडील टोकाचे अंतर भागिले टेकूपासून पुशरॉडचे अंतर, यास रॉकर गुणोत्तर म्हणतात. कॅमचा उंचवटा ७ मि.मी. आणि गुणोत्तर १.५ असल्यास झडप १०.५ मि.मी. उघडते. तोच कॅम ठेवून गुणोत्तर १.६ केल्यास ती ११.२ मि.मी. उघडते. कॅमशाफ्ट न बदलता झडप अधिक उघडता येते, हेच या भागाचे मुख्य आकर्षण आहे.

मात्र तरफेच्या नियमानुसार त्याची किंमत मोजावी लागते. स्प्रिंगचा दाब १०० किलोग्रॅम असेल, तर १.५ गुणोत्तराला पुशरॉडवर १५० आणि १.६ गुणोत्तराला १६० किलोग्रॅम भार येतो. शिवाय झडप अधिक उघडल्याने स्प्रिंगही अधिक दबते. हा वाढीव भार कॅम व टॅपेट यांना सोसावा लागतो. झडपेचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो. तसेच सिलिंडर हेडमधील वायुमार्ग जर आधीच अपुरा असेल, तर झडप जास्त उघडूनही शक्तीत फारशी भर पडत नाही.

निवडीचे निकष

* धातू : ॲल्युमिनियमचे रॉकर हलके असतात, पण दीर्घकाळ आवर्ती भार सोसल्यावर त्यांना तडे जाण्याची शक्यता अधिक असते. रोजच्या वापराच्या मोटारीसाठी पोलादी रॉकर सामान्यतः अधिक टिकाऊ ठरतात.
* वजनाची जागा : टेकूजवळील वजनापेक्षा झडपेकडील टोकाचे वजन अधिक बाधक असते, कारण तेच अधिक अंतर हलते. एकूण वजन पाहून केलेली तुलना त्यामुळे अपुरी पडते.
* स्प्रिंग : पूर्ण उघडलेल्या अवस्थेत स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मोकळी जागा उरली पाहिजे. साधारण १.५ मि.मी. जागा सुरक्षित मानतात.
* पुशरॉड : अनेक रॉकरमध्ये गुणोत्तर वाढवण्यासाठी पुशरॉडची खोबण टेकूच्या जवळ आणलेली असते. त्यामुळे पुशरॉड हेडमधील छिद्राच्या कडेला घासू शकतो. त्याची योग्य लांबीही नव्याने ठरवावी लागते.
* वरचे झाकण : रोलर रॉकर अनेकदा मूळ रॉकरपेक्षा उंच असतात व झाकणाला आतून लागतात.
* तेल : बेअरिंग व चाक यांना तेलाचा पुरवठा कोणत्या वाटेने होतो, हे मूळ इंजिनाच्या रचनेशी जुळणे आवश्यक असते.

बसवताना करावयाची तपासणी

झडपेच्या टोकावर शाई लावून इंजिन हाताने फिरवल्यास चाकाने उमटवलेला पट्टा दिसतो. तो अरुंद व टोकाच्या मध्याजवळ असावा. पट्टा कडेला सरकलेला असल्यास झडप बाजूला रेटली जाते आणि तिची गाइड झिजते.

दुसरी तपासणी पिस्टन व झडप यांमधील अंतराची असते. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती ठेवून, हेड कसून, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवतात. नंतर हेड उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. पेट्रोल इंजिनात प्रवेश झडपेसाठी सुमारे २ मि.मी. आणि उत्सर्जन झडपेसाठी सुमारे २.५ मि.मी. अंतर राखण्याचा प्रघात आहे. उत्सर्जन झडप अधिक तापून लांबत असल्याने तिला जास्त जागा दिली जाते. ही तपासणी टाळल्यास वेगात झडप पिस्टनवर आदळू शकते. त्यात झडप वाकते, पिस्टन फुटतो आणि काही वेळा संपूर्ण इंजिन निकामी होते.

महाराष्ट्रातील संदर्भ

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मोटार तयार होऊ लागली. पुढे ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिच्या १,०८९ घ.सें.मी. इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. व स्ट्रोक ७५ मि.मी. होता. झडपा पुशरॉड व रॉकर यांच्या साहाय्याने उघडत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही मोटार घराघरांत परिचित झाली. अशा शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. सुधारलेल्या इंजिनाच्या फियाट मोटारी चेन्नईजवळील शोलावरम येथील धावपट्टीवरच्या शर्यतींतही उतरत असत.

१९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये कॅमशाफ्ट हेडमध्ये होता. त्यानंतर पुशरॉडची इंजिने भारतीय मोटारींतून हळूहळू मागे पडली. हेडमध्ये कॅमशाफ्ट असलेल्या अनेक आधुनिक इंजिनांत चाक असलेली तरफ कारखान्यातूनच बसवलेली येते. अशा इंजिनांना बाहेरील रोलर रॉकरची गरज सहसा भासत नाही.

गोंदिया, भंडारा यांसारख्या भातशेतीच्या जिल्ह्यांत पुशरॉड व रॉकर पाहण्याचे सोपे ठिकाण म्हणजे पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन. वरचे झाकण काढताच रॉकर दिसतात. मेकॅनिक ज्यास टॅपेट सेट करणे म्हणतात, ते काम म्हणजे रॉकर व झडप यांमधील फट ठरावीक मापाला आणणे होय. डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण जास्त असल्याने पिस्टन व झडप यांमधील जागा फार कमी असते. म्हणून त्यात रॉकर गुणोत्तर वाढवणे धोक्याचे ठरते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील, असे बदल वाहनात करता येत नाहीत. रॉकर बदलल्याने इंजिनाची घनक्षमता बदलत नाही. तथापि रस्त्यावर चालणाऱ्या वाहनास प्रदूषण चाचणीच्या मर्यादा लागू राहतात. शर्यतीच्या मोटारीसाठी संबंधित गटाची नियमावली पाहावी लागते, कारण काही गटांत मूळ रॉकर व मूळ गुणोत्तर कायम ठेवणे बंधनकारक असते.