गावकरीची तिजोरी आणि पंचायतीचा फंड

गोव्यातल्या कुठल्याही गावात जाऊन गटाराचे किंवा रस्त्याचे काम का रखडले असे विचारले, तर "फंड येवंक ना" हे उत्तर ठरलेले असते. हा फंड कुठून येतो, तो खर्च कशावर करायचा हे कोण ठरवतो आणि गावाच्या नावाने आलेल्या पैशावर गावाचा हक्क किती, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू, कारण गोव्यातला गाव नेहमीच वरून येणाऱ्या पैशावर जगत होता असे नाही.

पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून इथे गावकरी ही संस्था होती. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तिच्या चालीरीती लिहून काढल्या. तो दस्तऐवज 'फोराल' म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे याच संस्थेला कोमुनिदाद म्हणू लागले. जमीन सामाईक असे, शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, कसायला दिली जात. आलेल्या उत्पन्नातून सरकारदेणे द्यायचे, बांध आणि मानशी दुरुस्त करायच्या, देवस्थानाचा किंवा चर्चचा आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवायचा आणि उरलेले गावकऱ्यांत 'जोण' म्हणून वाटायचे, असा हा हिशेब होता. खाजन शेतीत बांध फुटला की भरतीचे खारे पाणी आत शिरते. तिथे वरच्या मंजुरीची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते. पैसा गावात होता, म्हणून निर्णयही गावात होत असे.

मात्र गावकरीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. गावकरपण जन्माने आणि तेही पुरुषांच्या वंशाने मिळत असे. बायकांना, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना, शेतात राबणाऱ्या मजुरांना त्या सभेत आवाज नव्हता. तिजोरी गावाची होती खरी, पण ती सगळ्या गावाची नव्हती.

गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना उरलेल्या भारतात वेगळा प्रयोग चालला होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा होता, अधिकारी होते, पण लोकांचा सहभाग नव्हता. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने नेमके यावर बोट ठेवले आणि लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे कारभार सोपवण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याची सुरुवात झाली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये इथेही ग्रामपंचायती आल्या. ही क्रांतीच होती. कोमुनिदादीच्या सभेत ज्यांना जागा नव्हती, ते पंच म्हणून निवडून येऊ शकत होते. पण एक गोष्ट राहून गेली. पंचायतीला मत मिळाले, जमीन मिळाली नाही. सामाईक जमीन कोमुनिदादीकडेच राहिली. पुढे १९६४च्या कूळ कायद्याने आणि १९७६च्या दुरुस्तीने कुळांना रास्त न्याय मिळाला, त्याबरोबर कोमुनिदादीचे शेतीचे उत्पन्नही आटले. एका संस्थेचे उत्पन्न गेले, दुसरीला ते मिळाले नाही. पंचायतीच्या हाती घरपट्टी, परवाना शुल्क अशा बाबी उरल्या. बाकी भिस्त अनुदानावर!

केंद्राचा पैसा थेट गावापर्यंत पोचवण्याचा मोठा प्रयत्न १९८९च्या जवाहर रोजगार योजनेने केला. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नोंदले गेले. पण त्यांतले किती विषय खाली द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर राहिले. दहाव्या वित्त आयोगाने पंचायतींसाठी प्रथमच स्वतंत्र रक्कम सुचवली. १९७१च्या ग्रामीण लोकसंख्येनुसार ती माणशी शंभर रुपये होती. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींहून अधिक रुपये सुचवले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी रक्कम आणखी वाढवली, पण तिच्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता या कामांना बांधून टाकला. कामे गरजेची, यात वाद नाही. पण एखाद्या गावाला बांधाची चिंता अधिक असेल तर?

गंमत अशी की ज्या वर्षी घटनेने पंचायतींना मान्यता दिली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात खासदार निधीही सुरू झाला. २०११-१२ पासून तो दरवर्षी पाच कोटींचा झाला. इथे काम खासदार सुचवतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये हा निधी बंद करावा असे सुचवले होते, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो वैध ठरवला. कायद्याचा प्रश्न त्याने सुटला. पण गावातली सभागृहे आणि स्मशानशेड कुठे हवीत हे गावाने ठरवावे की खासदाराने, हा प्रश्न तसाच राहिला.

मग आपल्या हाती काय आहे? १९९४च्या गोवा पंचायत राज कायद्याने ग्रामसभा दिली आहे. प्रादेशिक आराखडा २०११च्या विरोधात २००६-०७ मध्ये गोव्यातली माणसे जागी झाली आणि तो आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला. जमिनीसाठी आपण उभे राहतो. पैशाचा हिशेब वाचला जातो तेव्हा मात्र खुर्च्या रिकाम्या असतात. गावकरीच्या काळी प्रत्येक गावकराला जोण किती मिळणार याची उत्सुकता असे, म्हणून हिशेबावर त्याची नजर असे. आजचा फंड हाही आपल्याच कराचा पैसा आहे, आणि आज त्यावर बोलण्याचा अधिकार सगळ्या गावाला आहे. तो वापरला नाही, तर कुठला बांध आधी बांधायचा हे दुसरेच कोणी ठरवत राहील.